सगळे भाव एकदम ठरत असतील तर पैसा करतो काय? (वालरास, कँटिलॉन, ह्यूम आणि मंडळी)

मुळामुठा:

नमस्कार मंडळी. सध्या लेओन वालरास वाचतोय, मूळ फ्रेंच नाही, विल्यम जाफेने १९५४ साली केलेलं इंग्रजी भाषांतर, आणि त्यातला एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा काढतोय. इथे अर्थशास्त्राची आणि गणिताची दोन्हीकडची माणसं आहेत, चर्चा नीट होईल असं वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. वालरास फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ, जन्म १८३४ चा, १८७० मध्ये स्वित्झर्लंडला लोझानला प्राध्यापक झाला, आणि त्याच्या मुख्य पुस्तकाची पहिली आवृत्ती १८७४ आणि १८७७ अशी दोन हप्त्यांत आली. त्याच्या आधी कुर्नो या दुसऱ्या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने १८३८ मध्येच एका वस्तूची मागणी गणितात मांडली होती, पण अख्ख्या अर्थव्यवस्थेचं गणित एकदम मांडणं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं म्हणून तो तिथेच थांबला. वालरास थांबला नाही. गव्हाचा भाव ओटच्या भावावर अवलंबून, ओटचा भाव जमिनीच्या खंडावर आणि मजुरीवर, मजुरी परत गव्हाच्या भावावर, म्हणजे कुठूनही सुरुवात केली तरी गोल फिरून तिथेच येता. त्याचं म्हणणं, मग सुरुवात शोधूच नका, सगळ्या बाजारांची समीकरणं एकत्र लिहा, जितके अज्ञात भाव तितकी स्वतंत्र समीकरणं आणि सगळे भाव एकदम निघतील. ही झेप मला अजूनही थोर वाटते.

आता पैसा. वालरास एक वस्तू निवडतो, तिची किंमत १ धरतो आणि बाकी सगळ्यांचे भाव तिच्यात मोजतो. याचा फायदा साधा आहे, १०० वस्तू असतील तर दोन-दोनच्या जोड्यांचे ४९५० विनिमय दर होतात, एक वस्तू मोजमापाला धरली की ९९ भाव पुरतात. पण ही नुसती मोजपट्टी झाली, ती वस्तू कोणी खिशात ठेवायला नको, कोणाच्या हातात द्यायलाही नको.

आणि व्यवहार कसा होतो? त्याच्या डोळ्यासमोर पॅरिसचा शेअर बाजार होता. भाव पुकारायचा, मागणी जास्त निघाली तर वर न्यायचा, पुरवठा जास्त निघाला तर खाली आणायचा, असं चाचपडत सगळे बाजार जुळेपर्यंत जायचं. पुढे चौथ्या आवृत्तीत, म्हणजे १९०० साली, उत्पादनाच्या बाबतीत त्याने स्पष्टच केलं की भाव जुळेपर्यंत लोक फक्त चिठ्ठ्या देतात, प्रत्यक्ष काही तयार होत नाही. आपल्याकडे लासलगावला कांद्याचा लिलाव बघितलाय त्यांना फरक लगेच कळेल, तिथे एका ट्रॅक्टरचा सौदा तुटला की तो माल गेला, मागच्या ट्रॅक्टरला वेगळा भाव लागला तरी पहिला सौदा उलटत नाही. वालरासच्या बाजारात सगळ्या ट्रॅक्टरांचे, सगळ्या पिकांचे, मजुरीचे आणि व्याजाचे भाव जुळल्याशिवाय एकही पोतं हलत नाही.

मग जेव्हा पोतं हलतं तेव्हा प्रत्येकाला सगळे भाव माहीत आहेत, प्रत्येकाचं देणं आणि येणं बरोबर जुळलेलं आहे. वहीत एक ओळ लिहिली की हिशेब मिटला. अशा जगात नोटा-नाणी कशाला हवीत?

माझं मत आधीच सांगून ठेवतो म्हणजे भांडायला सोपं जाईल :) पैशाबद्दलचं खरं ज्ञान समीकरणं यायच्या आधीच्या लोकांकडे जास्त होतं, कारण ते विचारत होते की नवा पैसा कुठून आत येतो आणि आधी कोणाच्या हातात पडतो. समतोलाच्या, म्हणजे सगळे बाजार एकदम जुळण्याच्या, गणिताने वेळ आणि क्रम काढून टाकला आणि त्याबरोबर पैसाही गेला.

शेवंती:

छान धागा. मी कॉमर्सची, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर समजून घ्या. आम्हाला शिकवलं होतं की वस्तूच्या बदल्यात वस्तू देण्यात अडचणी होत्या, माझ्याकडे तांदूळ आणि मला हवी चप्पल, तर चप्पल असलेला आणि नेमका तांदूळच हवा असलेला माणूस सापडायला पाहिजे, म्हणून पैसा आला. ही अडचण वालरासच्या बाजारात का येत नाही?

सोलापूरकर:

शेवंतीताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही, सगळ्याच्या मुळाशी हाच आहे. ही अडचण इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८७५ च्या पैशावरच्या पुस्तकात फार सुंदर सांगितलीय. पॅरिसच्या थिएटर लिरिकची एक गायिका, मादमोझेल झेली, जगाच्या दौऱ्यावर असताना पॅसिफिकमधल्या सोसायटी बेटांवर गायली आणि तिचा वाटा उत्पन्नाचा एक तृतीयांश ठरला होता. मिळालं काय, तर ३ डुकरं, २३ टर्की, ४४ कोंबड्या, ५००० नारळ आणि वर केळी, लिंबं, संत्री. पॅरिसमध्ये याचे चारेक हजार फ्रँक सहज झाले असते, पण तिथे लोकांकडे नाणी नव्हती आणि तिला एवढं खाणं शक्य नव्हतं, शेवटी डुकरं-कोंबड्यांना जगवायला फळं त्यांनाच घालावी लागली.

आता वालरासमध्ये हे का होत नाही, तर तिथे माणूस माणसाशी सौदा करतच नाही, प्रत्येकजण 'बाजाराशी' सौदा करतो. झेलीबाईंनी गाणं बाजाराला द्यायचं आणि बाजाराकडून हवं ते घ्यायचं, तिच्या डुकरांना गिऱ्हाईक कोण हा प्रश्न भाव पुकारणाऱ्याने आधीच सोडवलेला आहे. म्हणजे जी अडचण पैशाने सोडवायची तीच मांडणीतून आधी काढून टाकलीय.

ऑस्ट्रियाच्या कार्ल मेंगर या अर्थशास्त्रज्ञाने हे बरोबर पकडलं होतं. १८९२ च्या पैशाच्या उगमावरच्या लेखात तो म्हणतो की काही वस्तू कधीही, कुठेही, फारसं नुकसान न होता विकल्या जातात आणि काही नाही, हुशार माणसं मग आपल्या पडून राहणाऱ्या वस्तूच्या बदल्यात आधी ती सहज खपणारी वस्तू घेतात, बघून बाकीचे घेतात, आणि होता होता तीच पैसा होते, त्यासाठी राजाचा हुकूम लागत नाही. वालरासच्या समतोलात सगळ्याच वस्तू सारख्याच सहज खपतात. मग एकीनेच पैसा व्हावं याला कारण उरत नाही.

कोकणकडा:

वाचतेय. सगळं नाही कळत पण वाचतेय. लिहीत रहा.

गणितप्रेमी:

मुळामुठा, तुमच्या प्रश्नाची एक गणिती बाजू आहे ती मांडतो, सूत्र न लिहिता.

समजा उद्या सकाळी सगळे भाव दुप्पट झाले, मजुरी पण दुप्पट, सगळंच. जुन्या मांडणीत वस्तूंची मागणी फक्त भावांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते, गुणोत्तर तेच आहे, म्हणून कुठल्याही वस्तूच्या बाजारात काहीही हलणार नाही. आता पैशाकडे बघा. चलनसंख्येचा सिद्धांत, म्हणजे पैसा किती आहे त्यावर भाव ठरतात हे म्हणणं, सांगतो की तेवढाच माल फिरवायला आता दुप्पट पैसा लागेल, पैसा तर तेवढाच आहे, म्हणजे पैशाची टंचाई. इथपर्यंत दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाचल्या तर पटतात.

पण वालरासचा स्वतःचाच नियम आहे की लोक जेवढ्या किमतीचं मागतात तेवढ्याच किमतीचं देऊ करतात, त्यामुळे सगळ्या बाजारांतली जादा मागणी एकत्र केली तर बेरीज शून्य यायला हवी. सगळ्या वस्तूंचे बाजार जुळलेले असतील तर पैशाचाही जुळलेलाच पाहिजे. मग टंचाई आली कुठून? दोन्हीपैकी एक सोडावं लागतं. वस्तूंचे सापेक्ष, म्हणजे एकमेकींच्या तुलनेतले, भाव एका खोलीत ठरतात आणि पैशातल्या भावांची पातळी दुसऱ्या खोलीत, ही जी पारंपरिक विभागणी आहे ती इथे मोडते. अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर लांगेने १९४२ मध्ये हा भाग पुढे आणला आणि डॉन पॅटिन्किन या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ च्या पुस्तकात त्याचा सविस्तर हिशेब केला. त्याचा उपाय असा की माणूस खर्च ठरवताना फक्त भाव बघत नाही, खिशातल्या रोकडीत किती माल येतो ते पण बघतो. भाव दुप्पट झाले की रोकड अर्ध्या मोलाची झाली, लोक हात आखडतात, माल पडून राहतो, भाव परत खाली येतात. म्हणजे पैसा वस्तूंच्या समीकरणांच्या आतच हवा, बाहेरून चिकटवून चालत नाही.

म्हणून मुळामुठांच्या अर्ध्या म्हणण्याशी सहमत. पण 'गणिताने पैसा घालवला' हे मान्य नाही. पैसा नीट बसलेला नाही हे दाखवून दिलं ते गणितानेच, शब्दांत ही विसंगती कित्येक वर्षं कोणाला टोचली नव्हती.

वऱ्हाडी_माणूस:

मले हे गणित जास्त समजत नाही पण कँटिलॉनचं नाव शीर्षकात आहे आन धाग्यात त्याच्याबद्दल एक ओळ नाही. तो तर जॉन लॉच्या मिसिसिपी भानगडीत पैसे कमावणारा ना? त्याच्यावर लिवा की जरा.

मुळामुठा:

वऱ्हाडी भाऊ, हो तोच. रिचर्ड कँटिलॉन, आयरिश, पॅरिसमध्ये बँकर. जॉन लॉ या स्कॉटिश माणसाने १७१६ मध्ये पॅरिसला बँक काढली, नोटा छापल्या, मिसिसिपी कंपनीचे शेअर वर चढवले आणि १७२० मध्ये सगळं कोसळलं. कँटिलॉनला ते कोसळणार हे आधी दिसलं होतं, तो वेळेत बाहेर पडला आणि श्रीमंत झाला. १७३० च्या आसपास त्याने पुस्तक लिहिलं, १७३४ मध्ये लंडनला घराला लागलेल्या आगीत त्याचा अंत झाला आणि पुस्तक छापून आलं थेट १७५५ मध्ये. पुढे लोक त्याला जवळजवळ विसरले, १८८१ मध्ये जेव्हन्सने त्याला परत उजेडात आणलं, वर सोलापूरकरांनी सांगितलेल्या झेलीबाईंचा तोच जेव्हन्स.

कँटिलॉनचं म्हणणं असं, की पैसा वाढला की महागाई होते हे इंग्लिश तत्त्वज्ञ लॉकला कळलं होतं, पण ती कशी होते हे त्याने बघितलं नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. मग तो एक एक पाऊल टाकत जातो. समजा देशात सोन्याच्या खाणी सापडल्या. पैसा आधी कोणाकडे येणार? खाणीचे मालक, ठेकेदार, धातू गाळणारे, तिथले मजूर. ते जास्त मांस, जास्त दारू, चांगलं कापड घेणार. त्यांचे भाव चढणार, ते पिकवणारे-विकणारे सुखावणार, त्यांचा खर्च वाढणार. आणि ज्या जमीनमालकाने पट्टा आधीच ठराविक खंडाने करून दिलाय, ज्या नोकराचा पगार ठरलेला आहे, त्यांच्या हातात नवीन काही आलेलं नाही, पण मांस मात्र महाग झालं. त्यातले कित्येक पोटासाठी देश सोडून जातील असंही तो लिहितो. आणि पैसा दुप्पट झाला म्हणून भाव दुप्पट होतीलच असं नाही, नदीच्या पात्रात दुप्पट पाणी सोडलं म्हणून ती दुप्पट वेगाने वाहत नाही, असं तो म्हणतो.

मला यात आवडतं ते हे की 'भावांची पातळी' अशी एक सपाट गोष्ट तो बोलतच नाही. पैसा ज्या वाटेने आला त्या वाटेवरचे भाव आधी हलतात, आणि वाटेच्या टोकाला असलेल्या माणसाचं नुकसान होतं. शेवटी सगळे भाव वर जाऊन परत स्थिरावतील, कबूल, पण तोवर कोणाची जमीन विकली गेली आणि कोणी घेतली हे बदललेलं असतं, आणि नवा समतोल जुन्यासारखा राहत नाही. वालरासच्या चाचपडण्यात वाटेत काहीच घडत नाही म्हणून हा प्रश्नच येत नाही.

नीरजा_टोरांटो:

मुळामुठा, कँटिलॉनवरचं लिखाण आवडलं पण ह्यूम आणि वालरास दोघांवर थोडा अन्याय होतोय असं वाटतं, सविस्तर लिहिते.

ह्यूम म्हणजे स्कॉटिश तत्त्वज्ञ, त्याचे पैशावरचे निबंध १७५२ चे. त्यातली कल्पना सगळ्यांना माहीत असते, ब्रिटनमधला चार पंचमांश पैसा एका रात्रीत नाहीसा झाला तर काय, तर भाव उतरतील, माल परदेशात खपेल, सोनं परत येईल आणि काही काळात सगळं पूर्ववत. दुसऱ्या निबंधात एका रात्रीत प्रत्येकाच्या खिशात चमत्काराने पाच पौंड आले तर काय असंही विचारलंय. यावरून लोक समजतात की ह्यूमला पैसा म्हणजे नुसता आकडा वाटत होता. पण तोच ह्यूम लिहितो की सोनं येणं आणि भाव चढणं याच्या मधला जो काळ असतो त्यातच उद्योगाला चालना मिळते, पैसा आधी काही थोड्या व्यापाऱ्यांच्या हातात येतो, ते जास्त मजूर लावतात, आणि भाव पसरत जातात ते नंतर. म्हणजे वेळ आणि क्रम त्याच्याकडे आहेच. ह्यूमला शेवट आणि वाट दोन्ही दिसत होतं.

आता वालरास. पैसा त्याने विसरून सोडून दिला असं नाही. १८८६ मध्ये पैशावर त्याचं वेगळं पुस्तक आहे, आणि पुढच्या आवृत्त्यांत तो विचार मुख्य पुस्तकात आणायचा त्याचा प्रयत्न १९०० पर्यंत चालू होता. त्याचा धागा असा, की देणं आणि येणं एकाच दिवशी येत नाही, म्हणून प्रत्येकजण काही रोकड जवळ ठेवू इच्छितो, आणि ती इच्छा नुसत्या नाण्यांच्या संख्येची नसून त्या रोकडीत काय घेता येईल त्याची असते. गणितप्रेमींनी सांगितलेली दोन खोल्यांची विभागणी स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव कासेलच्या १९१८ च्या मांडणीला अगदी बसते, वालरासला तितकी बसत नाही. त्याने रोकडीची मागणी माणसाच्या निवडीतून काढायचा प्रयत्न केला होता. तो पूर्ण जमला नाही कारण सगळे भाव आणि सगळ्या तारखा आधीच पक्क्या असतील तर रोकडीऐवजी तेवढ्याच मुदतीचं व्याज देणारं कर्जपत्र का ठेवू नये याचं उत्तर त्याच्याकडे कच्चं आहे.

आणि भारतीय वाचकांसाठी एक गोष्ट. १८८७ मध्ये वालरासने अँग्लो-इंडियन, म्हणजे ब्रिटिश भारताच्या, चलनाच्या प्रश्नावर एक टिपण लिहिलं होतं. त्याची आवडती योजना होती सोन्याचं चलन, आणि जोडीला चांदीची नाणी जी सरकारने गरजेप्रमाणे कमीजास्त करायची म्हणजे भाव फार हलणार नाहीत. प्रश्न काय होता, तर १८७० नंतर जर्मनीसकट एकेक देश चांदी सोडून सोन्याकडे गेला, चांदी घसरली, आणि आपला रुपया चांदीचा, त्यामुळे १८७० च्या सुमाराला दोन शिलिंगच्या (तेव्हा पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगचे १२ पेन्स) जवळ असलेला रुपया घसरत गेला. इंग्लंडला दरसाल द्यायची रक्कम पौंडात, सरकारचा महसूल रुपयात. शेवटी १८९३ मध्ये लोकांनी चांदी आणून रुपये पाडून न्यायची सोय टांकसाळींनी बंद केली आणि पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सला आणला.

सोलापूरकर:

नीरजा, उत्तम प्रतिसाद. तुम्ही १८९३ पर्यंत आणलंत तर पुढचं बाबासाहेबांशिवाय पूर्ण होत नाही. 'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा डी. एस्सी.चा प्रबंध, १९२३ ला पुस्तकरूपात आला, प्रस्तावना तिथले प्राध्यापक एडविन कॅनन यांची. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९१३ मध्ये भारतीय चलनावर लिहिताना सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती, म्हणजे देशात रुपया आणि परदेशी देण्यासाठी ठराविक दराने पौंड. बाबासाहेबांचा आक्षेप मुळावर आहे. पौंडाशी दर टिकला म्हणजे रुपया स्थिर झाला असं नाही, रुपयात देशातला माल किती येतो ते बघा, आणि सरकारच्या हाती रुपये पाडायची मोकळीक असेल तर तिथे लगाम नाही. म्हणून त्यांनी सांगितलं की रुपये पाडणं सरकारलाही बंद करा.

आणि इथे मला कँटिलॉन आठवतो. रुपया उतरला की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो असं त्या वेळी बरेच लोक म्हणत होते. बाबासाहेब विचारतात फायदा कोणाचा? मजुरी भावांच्या मागे राहते, म्हणून व्यापाऱ्याच्या हातात जे जास्त आलं ते मजुराच्या ताटातून आलं, देशाने काही कमावलं नाही, एका वर्गाचं दुसऱ्याकडे गेलं. मुंबईच्या गिरण्यांचा काळ डोळ्यासमोर ठेवून वाचा म्हणजे त्यातली कळकळ कळते. मराठी माणसाने हे पुस्तक फक्त ग्रंथालयाच्या कपाटात ठेवावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

शेवंती:

सोलापूरकर, हे माहीतच नव्हतं, आता मिळवून वाचणार. गणितप्रेमी, एक शंका, समीकरणं आणि अज्ञात सारखेच असले म्हणजे उत्तर निघतंच का?

गणितप्रेमी:

नाही निघत, बरोबर जागी बोट ठेवलंत. उत्तर ऋण येऊ शकतं, येणारच नाही असंही होऊ शकतं. वालरासने मोजणी करून समाधान मानलं. खरी सिद्धता व्हिएन्नात अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने १९३० च्या दशकात दिली, कार्ल मेंगर या गणितज्ञाच्या चर्चासत्रात. हा मेंगर म्हणजे वर आलेल्या अर्थशास्त्रज्ञ मेंगरचा मुलगा, नाव तेच. मग १९५४ मध्ये अ‍ॅरो आणि देब्रू या अर्थशास्त्रज्ञांनी बरीच व्यापक सिद्धता दिली. त्यांच्या मांडणीत वस्तू म्हणजे अमुक ठिकाणी, अमुक तारखेला मिळणारी वस्तू, आणि सगळ्या तारखांचे सौदे आजच होतात. त्यात पैसा नाहीच.

आणि १९६५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ फ्रँक हानने विचारलेला प्रश्न या धाग्याला अगदी लागू आहे. ज्या कागदाचा स्वतःचा काही उपयोग नाही, तो समतोलात घातला तरी त्याची किंमत शून्य असलेला समतोलही निघू शकतो. कोणी घेणार नाही म्हणून कोणी ठेवणार नाही, कोणी ठेवत नाही म्हणून कोणी घेणार नाही, आणि सगळी समीकरणं सुटतात. नोटेला किंमत का आहे हे भावांच्या समीकरणांतून आपोआप निघत नाही.

वऱ्हाडी_माणूस:

हे बाकी पटलं. आमच्याकडं नोटबंदीच्या टायमाला नोट तीच होती, कागद तोच होता, पण दुकानदार घ्यायला तयार नाही म्हटल्यावर संपलं.

मुळामुठा:

नीरजा, ह्यूमबद्दल तुमचं म्हणणं मान्य, तो मधला काळ त्याच्याकडे आहे. पण कँटिलॉनकडे त्या काळात हरणारे लोक पण आहेत, ह्यूमचा भर उद्योगाला येणाऱ्या उत्साहावर आहे, मला तो फरक मोठा वाटतो. बाबासाहेब त्या बाबतीत कँटिलॉनच्या बाजूचे.

गणितप्रेमी, वाटेचा विचार गणिताच्या जवळ राहून करणारा माणूस मला स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ विक्सेल वाटतो. १८९८ च्या पुस्तकात तो नाणी जवळजवळ काढूनच टाकतो, सगळे व्यवहार बँकेच्या खात्यावर, आणि मग विचारतो की बँकेचं व्याज भांडवलावर मिळणाऱ्या नैसर्गिक परताव्यापेक्षा कमी ठेवलं तर काय होईल. कर्ज घेणारे वाढतात, ते मजूर आणि माल ओढतात, भाव चढतात, आणि व्याज तसंच राहिलं तर चढतच राहतात, थांबायला जागा नाही. इथे नवा पैसा कर्ज घेणाऱ्याच्या हातातून आत येतो, म्हणजे वाट परत आली, आणि वालरासचा समतोलही मोडलेला नाही, तो नैसर्गिक दराच्या रूपात मोजायला शिल्लक आहे. माझ्या मते समतोल आणि पैसा एकत्र बसवायचा जुन्या लोकांतला सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न हाच. फक्त नाणी नसलेल्या त्या जगात भावांची पातळी मुळात कुठे टेकलेली असते हे मला नीट लागत नाहीये. नीरजा, तुम्ही विक्सेल वाचला असेल तर यावर लिहाल का?

नीरजा_टोरांटो:

वाचलाय. थोडक्यात सांगायचं तर ती कुठेच टेकलेली नसते, आणि विक्सेलला ते माहीत होतं. सापेक्ष भाव ढळले तर परत जागेवर येतात, पण पैशातल्या भावांची पातळी जिथे ढकलाल तिथे राहते, परत ओढणारं काही नाही. म्हणून तो शेवटी काम बँकांवर टाकतो, भाव चढत असतील तर व्याज वाढवा, उतरत असतील तर कमी करा. तपशिलात उद्या रात्री लिहिते, इथे आता कामाची वेळ झाली.